कोरा रकाना : सोलापुरातल्या एका सेट-टॉप बॉक्सच्या वादाचा अभ्यास

16 ऑगस्ट 2016 च्या संध्याकाळी नीलमनगर आणि अक्कलकोट रोडलगतच्या काही गल्ल्यांतले टीव्ही एकदम बंद पडले. वीज होती, बॉक्सचा लाल दिवाही लागलेला होता. पडद्यावर मात्र कार्ड बंद असल्याची एक ओळ येऊन थांबलेली. दोन दिवसांवर नारळी पौर्णिमा होती, म्हणजे पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ. त्याच आठवड्यात रिओचं ऑलिंपिक चालू होतं आणि पी. व्ही. सिंधू जिंकत पुढे चालली होती. ती हैदराबादची. आमच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, त्यामुळे ती आपल्याच घरातली पोर असल्यासारखं लोक तिच्याबद्दल बोलत होते. 19 तारखेची तिची अंतिम लढत या गल्ल्यांतल्या लोकांनी चौकातल्या चहाच्या टपरीवर उभं राहून पाहिली. टपरीवाल्याकडे छत्री होती, डीटीएचची.

रथ झाला, ऑलिंपिक संपलं, टीव्ही सुरू झाले नाहीत. मग केबलवाल्याची पोरं घरोघर फिरायला लागली. जुना बॉक्स द्या, नवा घ्या, वर पाचशे रुपये.

नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे तिघी आल्या. दोघी विडी कामगार, तिसरीचा नवरा यंत्रमागावर. त्यांनी जुना बॉक्स द्यायला नकार दिला होता. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं आणि त्यातली वयाने मोठी बाई ते पुन्हा पुन्हा सांगत होती, "बॉक्स आमचा हाय की वकीलबाई, हजार रुपये मोजून दिल्यात." या एका वाक्याला कायद्यात कुठे जागा आहे, हे शोधण्यात माझी दोन वर्षं गेली. पक्षकारांची, केबलचालकाची आणि कंपनीची ओळख पटेल असं मी इथे काही लिहिलेलं नाही.

यादीत सोलापूर

टीव्ही डिजिटल करण्याचा निर्णय दिल्लीत झाला. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा 1995 चा. त्यातलं कलम 4अ 2011 च्या दुरुस्तीने नव्याने लिहिलं गेलं आणि केबलवरचं प्रत्येक चॅनेल सांकेतिक रूपात, डिजिटल यंत्रणेतूनच दाखवायचं असं बंधन आलं. 11 नोव्हेंबर 2011 च्या अधिसूचनेने देशाचे चार टप्पे पाडले. पहिल्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. दुसऱ्यात 38 शहरं, मुदत 31 मार्च 2013. दुसऱ्या टप्प्याची ओळख सगळीकडे ‘दहा लाखांवरची शहरं’ अशी करून दिली जायची. महाराष्ट्रातली नऊ नावं त्यात होती, त्यात सोलापूर. 2011 च्या जनगणनेत आमची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास निघाली, पण अधिसूचनेत शहराचं नाव छापलेलं होतं आणि कायद्यापुढे तेच खरं.

त्या मार्चअखेरीस देशभर कोर्टकज्जे चालू होते. बॉक्स पुरेसे आलेले नाहीत, मुदत वाढवा, असं म्हणत केबलचालकांच्या संघटना उच्च न्यायालयांत गेल्या. कर्नाटक आणि गुजरातच्या उच्च न्यायालयांनी थोड्या दिवसांची सवलत दिली. पुढे तिसऱ्या टप्प्याच्या वेळी, डिसेंबर 2015 मध्ये, हेच पुन्हा घडलं. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने दोन महिने वाढवून दिले, मग राज्याराज्यांत तसेच अर्ज आले आणि शेवटी 1 एप्रिल 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी प्रकरणं एकत्र करून दिल्ली उच्च न्यायालयाकडे पाठवली.

त्या सगळ्या वादाचा विषय तारीख हा होता. बॉक्स कधी बसवायचा, यावर भांडण. बसवलेला बॉक्स कोणाचा, हा प्रश्न त्यात आलाच नाही. बॉक्स ज्यांच्या घरात बसणार होता ती माणसं त्या न्यायालयांत पक्षकारच नव्हती.

मार्च 2013 मध्ये काय झालं

आमच्या केबलचालकाचा धंदा जुना. पूर्वी स्वतःची छोटी कंट्रोल रूम होती. गच्चीवर चार-पाच छत्र्या लावून तो चॅनेल उतरवायचा आणि गल्लीची गरज ओळखून द्यायचा. जेमिनी, ईटीव्ही ही तेलुगू चॅनेलं पहिल्या वीस आकड्यांत, दोन-तीन कन्नड, मग मराठी-हिंदी. हे मुद्दाम सांगते, कारण विडी वळणाऱ्या बाईसाठी टीव्ही ही पाहण्यापेक्षा ऐकण्याची वस्तू आहे. सुपात पानं, मांडीवर कात्री, हात चालू आणि कान मालिकेकडे. हजार विड्या होईपर्यंत दिवस जातो. ज्या भाषेत ऐकायचं ती भाषा पॅकेजमध्ये नसेल तर तिच्या दृष्टीने टीव्ही बंदच.

डिजिटल झाल्यावर कंट्रोल रूमचा उपयोग संपला. सिग्नल मोठ्या वितरण कंपनीकडून यायला लागला. ज्याला कायदा ‘मल्टी सिस्टिम ऑपरेटर’ म्हणतो आणि धंद्यातले लोक नुसतं ‘एमएसओ’ म्हणतात, ती कंपनी. गल्लीतला केबलवाला राहिला तारा ओढायला आणि वसुलीला. 30 एप्रिल 2012 च्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांनी वाटणीही ठरवली होती. दोघांत करार जमला नाही तर मोफत चॅनेलांच्या मूळ संचाच्या पैशांत कंपनीला 55 टक्के, केबलचालकाला 45. पैसे भरून घ्यायच्या चॅनेलांत 65 आणि 35.

कंपनीने या केबलचालकाला 600 बॉक्स दिले. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पोरं रात्रीअपरात्री बॉक्स लावत होती. दर एका बॉक्सला हजार रुपये, चार हप्त्यांत, महिन्याच्या वसुलीबरोबर. पावती कोणालाच नाही. वसुलीच्या पुठ्ठ्याच्या कार्डावर महिन्याच्या चौकोनात टिंब करायचे, त्याच्याच शेजारी ‘बॉ. 250’ असं पेनाने लिहिलेलं. तिघींपैकी दोघींनी ती कार्डं जपून ठेवली होती, एकीने देवघरातल्या डब्यात. तिसरीचं घर बदलताना हरवलं.

ग्राहकाचा अर्ज भरून घ्यायचा नियम होता. नाव, पत्ता, बॉक्सचा क्रमांक, आतल्या कार्डाचा क्रमांक म्हणजे व्हीसी नंबर आणि बॉक्स कोणत्या योजनेत घेतला ते. विकत, हप्त्याने की भाड्याने, हे तीन पर्याय ग्राहकापुढे ठेवायचे होते. तिघींनाही असं कोणी विचारल्याचं आठवत नाही. अर्जावर सही घेतली होती, एकीचा अंगठा. प्रत मिळाली नाही.

हद्दीच्या अलीकडे-पलीकडे

केबलची लाइन अक्कलकोट रोडने पुढे जात कुंभारीकडे पोचत होती. कुंभारी ही ग्रामपंचायत, दक्षिण सोलापूर तालुक्यात. तिथे विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची. शहरातल्या भाड्याच्या खोल्या सोडून बायका स्वतःच्या घरात जात होत्या, आणि जाताना भांडी, शिलाई मशीन, टीव्ही यांच्याबरोबर बॉक्सही नेत होत्या. का नेऊ नये? पैसे दिले होते.

पण कायद्याच्या नकाशात ही वाट दोन तुकड्यांत पडत होती. महापालिकेची हद्द दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 31 मार्च 2013 पासून डिजिटल सक्तीचं. ग्रामपंचायत चौथ्या टप्प्यात. त्याची मुदत आधी 2014 अखेर होती, ती 31 डिसेंबर 2016 पर्यंत गेली आणि शेवटी 31 मार्च 2017 पर्यंत. एकाच तारेवर, एकाच केबलवाल्याकडे, हद्दीच्या अलीकडे बॉक्सशिवाय चॅनेल दाखवणं गुन्हा आणि पलीकडे जुन्या पद्धतीने दाखवायला हरकत नाही, अशी चार वर्षं गेली.

करमणूक कराचंही तसंच. महापालिका हद्दीत दर जोडणीला महिना 45 रुपये, गावात 15. जुन्या काळात किती जोडण्या आहेत हे केबलवाला सांगेल तेवढंच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेला कळायचं. आमच्या केबलचालकानेही कमी सांगितल्या होत्या. त्याने ते नंतर कबूल केलं, म्हणून लिहिते. बॉक्स आले आणि प्रत्येक जोडणी कंपनीच्या संगणकात क्रमांकानिशी नोंदली गेली. डिजिटलला केबलचालकांचा जो विरोध होता त्यात बॉक्सच्या टंचाईची तक्रार खरी होती, पण त्यामागे ही मोजणीची भीतीही होती. ती कोणी अर्जात लिहीत नसे.

भांडण

2016 च्या उन्हाळ्यापर्यंत केबलचालक आणि कंपनी यांचं बिनसलं होतं. तेलुगू चॅनेलं वेगळ्या, महाग पॅकेजमध्ये टाकली गेली आणि ग्राहक केबलवाल्याच्या दारात येऊन भांडायला लागले. दुसरी एक कंपनी त्याच पैशांत तेलुगू देत होती. याने तिकडे जायचं ठरवलं. जुन्या कंपनीने थकबाकी आणि बॉक्स मागितले. 16 ऑगस्टला आधी कंपनीने कार्डं बंद केली की आधी याने लाइन बदलली, हे दोघं दोन तऱ्हांनी सांगतात. मला त्याचा निकाल लावता आलेला नाही आणि कुठल्या न्यायपीठानेही तो लावला नाही. सिग्नल तोडण्याआधी तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यायची आणि ग्राहकांनाही आधी कळवायचं, हा नियम तेव्हा लागू असलेल्या 2012 च्या आंतरजोडणी नियमावलीत स्पष्ट होता. कायद्याच्या कलम 8 प्रमाणे दूरदर्शनची ठरावीक चॅनेलं दाखवणं केबलवर बंधनकारक आहे. त्या आठवड्यात बॉक्सवर दूरदर्शनही नव्हतं, आणि गच्चीवरचे जुने अँटेना लोकांनी केव्हाच भंगारात घातले होते.

इथे तंत्राची एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळं दुखणं तिथून आहे. बॉक्स बाहेरून सारखे दिसले तरी आतलं कुलूप प्रत्येक कंपनीचं वेगळं. एका कंपनीने सांकेतिक केलेला सिग्नल दुसऱ्या कंपनीचा बॉक्स उलगडू शकत नाही. मोबाइलचं सिम बदलावं तसं इथे करता येत नाही. कुठल्याही कंपनीचा सिग्नल घेणारा बॉक्स असावा, अशी शिफारस ट्रायने केली ती 10 एप्रिल 2020 ला, आमच्या गल्लीतले टीव्ही बंद पडल्यावर साडेतीन वर्षांहून जास्त काळाने. म्हणून 2016 मध्ये केबलवाल्याने कंपनी बदलली की त्याच्या सगळ्या ग्राहकांचे चालू स्थितीतले बॉक्स एका रात्रीत निकामी.

412 घरांनी जुना बॉक्स दिला, पाचशे भरले आणि विषय सोडला. 188 घरांनी दिला नाही.

कुठे दाद मागायची

केबलचालक आणि कंपनी यांचा वाद दिल्लीला गेला. दूरसंचार आणि प्रसारण या क्षेत्रांतल्या सेवादारांमधले तंटे टीडीसॅट या न्यायाधिकरणापुढेच चालतात. ट्राय कायद्याच्या कलम 15 प्रमाणे दिवाणी न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. कंपनीने तिथे थकबाकी मागितली आणि त्याबरोबर 188 बॉक्सची किंमत, प्रत्येकी 1700 रुपये.

माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. 188 घरं, तक्रार एकच. अशा वेळी तेव्हाच्या ग्राहक संरक्षण कायदा 1986 च्या कलम 12(1)(क) प्रमाणे सगळ्यांच्या वतीने एक तक्रार करावी असं कोणत्याही वकिलाच्या मनात पहिल्यांदा येईल. माझ्याही आलं. पण ट्राय कायद्याचं कलम 14 वाचताना मी थांबले. टीडीसॅटच्या अधिकारात तीन प्रकारचे वाद येतात, आणि तिसरा प्रकार आहे सेवादार विरुद्ध ‘ग्राहकांचा गट’. त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, म्हटलंय की एकट्या ग्राहकाची, ग्राहक मंचापुढे चालू शकेल अशी तक्रार यातून वगळलेली आहे.

म्हणजे या बायका एकत्र आल्या तर त्यांनी दिल्लीला जायचं. एकेकटी आली तर सोलापुरात दाद मिळेल.

मी हे कलम त्या दिवशी तीनदा वाचलं. संघटित होणं ही पूर्व भागातल्या कामगारांची ताकद. विड्यांची मजुरी, भविष्य निर्वाह निधी, घरकुलं, यातलं काहीही यांना एकेकटीने मिळालेलं नाही. त्या बायकांना मला सांगावं लागलं की या कामात एकत्र येऊ नका, वेगवेगळ्या या. 188 तक्रारींचा खर्च आणि हेलपाटे कोणाला परवडणार? दिवस मोडला तर हजार विड्यांची मजुरी जाते. तिघी तयार झाल्या. मंचाचं शुल्क लाखाच्या आतल्या दाव्याला शंभर रुपये होतं. तीन स्वतंत्र तक्रारी दाखल केल्या, प्रत्येकीत केबलचालक आणि कंपनी दोघंही सामनेवाले.

दोन ठिकाणी दोन उत्तरं

कंपनीच्या उत्तरात चार हरकती होत्या. पहिली, मंचाला अधिकारच नाही. त्यासाठी 2009 च्या ‘जनरल मॅनेजर, टेलिकॉम विरुद्ध एम. कृष्णन’ या निकालाचा आधार घेतला होता. तो निकाल टेलिग्राफ कायद्याच्या कलम 7ब वर, म्हणजे टेलिफोन बिलाच्या वादावर. केबलची कंपनी ‘टेलिग्राफ प्राधिकारी’ नव्हे, आणि परंतुक तर आमच्या बाजूने स्पष्ट. मंचाने ही हरकत फेटाळली. (टेलिफोनच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ग्राहक मंचांचा अधिकार मान्य केला. आम्हाला तेव्हा तो निकाल असता तर एक तारीख वाचली असती.) दुसरी हरकत मुदतीची. बॉक्स 2013 चा, तक्रार 2016 ची, दोन वर्षं उलटून गेली. आम्ही म्हटलं, तक्रारीचं कारण बॉक्स बंद पडला त्या दिवशी घडलं. तेही मान्य झालं.

तिसरी आणि चौथी हरकत एकमेकींत अडकलेल्या होत्या. कंपनी म्हणाली, हे आमचे ग्राहकच नाहीत, केबलचालकाचे आहेत, त्याने बॉक्स विकले असतील, पैसे त्याने घेतले. केबलचालक म्हणाला, अर्जावर नाव कंपनीचं, पैसे कंपनीलाच पोचवले, मी मधला माणूस.

याच वेळी दिल्लीच्या याचिकेची प्रत माझ्या हाती आली. तिच्यात कंपनी शपथेवर सांगत होती की हे 188 बॉक्स आपल्या मालकीचे आहेत, केबलचालकाला फक्त वापरायला दिले होते, त्याने परत केले नाहीत. सोलापुरातल्या तिच्या उत्तरात मात्र हेच बॉक्स केबलचालकाने परस्पर विकलेले होते आणि कंपनीचा त्यांच्याशी संबंध नव्हता. एकच वस्तू, एकाच कंपनीच्या दोन शपथपत्रांत. मी दिल्लीच्या कागदांची प्रमाणित प्रत मागवली आणि तिन्ही तक्रारींत दाखल केली. त्यानंतरच्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली. पुढच्यालाही मागितली.

मग मी एक अर्ज दिला, ज्यावर या प्रकरणाचा निकाल लागला. प्रत्येक डिजिटल कंपनीकडे ग्राहक नोंदीची संगणक यंत्रणा असते, धंद्यात तिला ‘एसएमएस’ म्हणतात, मोबाइलच्या संदेशाशी तिचा काही संबंध नाही. कोणतं कार्ड कधी सुरू झालं, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पॅकेजवर, सगळं तिच्यात. माझी मागणी एवढीच होती की या तीन व्हीसी नंबरांची नोंद पुरावा कायद्याच्या कलम 65ब च्या प्रमाणपत्रासह हजर करा. नंबर बायकांनी बॉक्सच्या तळाचा कागद पाहून मला वाचून दाखवले होते, एकीच्या सातवीतल्या मुलीने.

नोंद आली. पहिल्या दोन बॉक्सच्या ‘योजना’ या रकान्यात ‘विक्री’ असं लिहिलेलं होतं. सुरू झाल्याच्या तारखा 2013 च्या मार्चमधल्या शेवटच्या आठवड्यातल्या. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या संगणकाप्रमाणे बॉक्स त्या बायकांचे. दिल्लीत त्यांचीच किंमत केबलचालकाकडून मागितली जात होती.

तिसऱ्या नोंदीत तो रकाना कोरा होता.

हा बॉक्स गोदूताई वसाहतीत गेलेला. 2014 मध्ये बाईने घर बदललं तेव्हा केबलवाल्याच्या पोराने पत्ता बदलायला सांगितला. संगणकाने जुनी नोंद बंद करून नवी उघडली. नवीत पत्ता आला, पॅकेज आलं, योजना भरली गेली नाही. वर कंपनीचं म्हणणं असं की कुंभारी तेव्हा डिजिटलच्या टप्प्यातच नव्हती, तिथे बॉक्स नेणंच मुळात आमच्या परवानगीशिवाय. जुनी, बंद केलेली नोंद हजर करा असा दुसरा अर्ज मी दिला. ती यंत्रणेत आता उपलब्ध नाही, असं शपथपत्र आलं. वसुलीचं कार्ड हरवलेलं. अर्जाची प्रत कधी मिळालीच नव्हती.

केबलचालकाची वसुलीची वही मी त्याच टप्प्यावर मागवायला हवी होती. त्या वहीत चारही हप्ते असणार होते. पण तो सामनेवाला होता, दिल्लीत त्याच्यावर लाखोंची मागणी चालू होती, आणि करमणूक कराच्या भीतीने तो वह्या बाहेर काढणार नाही असं मी गृहीत धरलं. अर्ज द्यायला माझं काय जात होतं? तो नाही म्हणाला असता तर त्याचं नाही म्हणणंच नोंदीवर आलं असतं. ही माझी चूक आहे आणि तिची किंमत माझ्या पक्षकाराने दिली.

निकाल

दिल्लीतलं प्रकरण टीडीसॅटच्या मध्यस्थी केंद्रात मिटलं. तिथे त्या दोघांचं काय ठरलं ते मध्यस्थीत राहिलं. 188 बॉक्सची मागणी कंपनीने सोडली एवढं नंतर केबलचालकाने सांगितलं. सोलापूरच्या नोंदी तिथे उपयोगी पडल्या असाव्यात असं मला वाटतं.

सोलापुरात 2018 च्या अखेरीस आदेश झाला. पहिल्या दोघींना बॉक्सच्या किमतीपैकी प्रत्येकी 600 रुपये, तीन वर्षांच्या वापराची वजावट करून. नव्या बॉक्ससाठी भरलेले 500. मानसिक त्रासापोटी 2000 आणि खर्चाचे 1000. कंपनी आणि केबलचालक यांनी संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या द्यायचे. तिसरीची तक्रार पुराव्याअभावी नामंजूर. विकत घेतल्याचं दाखवणारा एकही कागद नोंदीवर नाही, असं आदेशात म्हटलं होतं, आणि नोंदीवरचे कागद पाहता ते चुकीचं नव्हतं.

हा आदेश हातात आला तेव्हा टीव्हीचा वाद पुन्हा नव्या वळणावर होता. चॅनेलांच्या किमती ठरवण्याच्या ट्रायच्या 2017 च्या आदेशावर मद्रास उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसऱ्यांकडे जावं लागलं, आणि 30 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने स्टार इंडियाचं अपील फेटाळून तो आदेश कायम केला. फेब्रुवारी 2019 पासून नवी पद्धत आली. तेव्हा शंभर चॅनेलांसाठी 130 रुपये आणि त्यावर कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, आणि त्यापुढे ज्याला जे हवं त्याचं वेगळं मोल. चॅनेल निवडायचा हक्क ग्राहकाला मिळाला, असं सांगितलं गेलं. पूर्व भागातल्या घरांत तेलुगू आणि मराठी दोन्ही हवं असतं, त्यामुळे यांची निवड दोन भाषांची आणि बिलही तसं. त्या खटल्यांत प्रसारक होते, कंपन्या होत्या, नियामक होता. बॉक्सची मालकी हा तिथेही मुद्दा नव्हता.

ज्या 412 घरांनी बॉक्स परत केले त्यांनीही 2013 मध्ये हजार रुपये दिले होते. त्यांच्यापैकी कोणी आलं नाही. उरलेल्या 185 पैकी काही जण आदेशानंतर विचारायला आले, पण तोवर दोन वर्षांची मुदत संपली होती.

तिसरीला मी अपिलाचं सांगितलं. राज्य आयोगापुढे जुनी नोंद नष्ट झाल्याचा मुद्दा घेता आला असता, वहीचा अर्जही तिथे देता आला असता, आणि मला वाटतं आपण जिंकलो असतो. मी फी घेणार नाही म्हटलं. तिने हिशेब केला. तारखेला जाऊन यायचं भाडं, बुडणारी मजुरी, किती तारखा लागतील ते. मग म्हणाली, "त्या दोघींनी दिलं त्याच पोराला मीबी दिलं की, एकाच दिवशी. त्यांचं खरं आन माझं नाही?"

तिचा बॉक्स आजही माझ्या ऑफिसात आहे. पुरावा म्हणून आणला होता, ती परत घ्यायला आली नाही. तळाच्या कागदावरचा नंबर अजून वाचता येतो.